शनिवारचा घोयरा

शब्बाथच्या, म्हणजे ज्यूंच्या विसाव्याच्या दिवशी माणसानं स्वस्थ बसावं अशी आज्ञा आहे. राफेल पेणकरांना तेवढी एक सोडून बाकी सगळं जमायचं. शनिवारी गॅस पेटवायचा नाही, लिहायचं नाही, गाडीत बसायचं नाही, मोबाइलला हात लावायचा नाही, सगळं कबूल. पण स्वस्थ बसा म्हटलं की त्यांच्या तळपायांना मुंग्या यायच्या. कोकणात त्यांच्या पूर्वजांना शनवारतेली म्हणत. शुक्रवारचा सूर्य मावळला की घाण्याचा बैल सोडायचा, तो शनिवार सरेपर्यंत जुंपायचा नाही. राफेलकाकांनी बैल सोडला होता, पण स्वतः काही केल्या थांबत नव्हते. सकाळपासून हॉलमधून गॅलरीत आणि गॅलरीतून हॉलमध्ये त्यांच्या येरझाऱ्या चालल्या होत्या. बाथरूममध्ये नळ सुरू झाल्याचा आवाज आला, तसं त्यांनी चपला पायात सरकवल्या आणि हळूच दार ओढून घेतलं. सत्तरी ओलांडलेला माणूस स्वतःच्याच घरातून पळाला.

बाथरूममध्ये ओर्ली होती, त्यांची एकुलती एक मुलगी. ती ठाण्याला असते, बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे. आदल्या दिवशी आली ती फर्मान घेऊनच. "पप्पा, आता एकट्यानं टेकडीवर जायचं नाही. सोमवारी डॉक्टरांना दाखवू, मग काय ते ठरवू." डॉक्टर म्हणजे मेंदूचे. आणि 'काय ते' म्हणजे पनवेलचं घर बंद करून राफेलकाकांनी ठाण्याला, अठराव्या मजल्यावर राहायला जायचं. "अठराव्या मजल्यावर पालसुद्धा चढत नाही गं," असं ते म्हणाले होते. ओर्ली हसली नव्हती.

तिच्याकडे तीन कारणं होती. गणपतीत ती आली तेव्हा काका गॅस उघडा टाकून खाली दूध आणायला गेले होते आणि घरभर वास सुटला होता, हे पहिलं. फोनवर एकदोनदा त्यांनी तिला रूबी म्हणून हाक मारली, हे दुसरं. रूबी म्हणजे ओर्लीची आई, तिला जाऊन काही वर्षं झाली. आणि तिसरं कारण म्हणजे घोयरा.

पहिली दोन राफेलकाकांनी मान्य केली होती. गॅस कोण विसरत नाही? आणि मुलीचा आवाज आईसारखाच असेल तर जीभ घसरणारच. पण तिसरं कारण त्यांना काट्यासारखं सलत होतं. कारण एक तर तो घोयरा खरा होता, नाहीतर त्यांचं डोकं ठिकाणावर नव्हतं. मधलं काही नव्हतंच.

घोयरा म्हणजे शॅमेलियन. सरड्यांच्या कुळातला असून सगळ्यांपेक्षा निराळा. शेपटी जिलबीसारखी गुंडाळणारा, हलताना पानासारखा डुलणारा. पाण्याच्या टाकीच्या टेकडीवर आजवर तो कुणाला दिसला नव्हता. गेल्या ऑक्टोबरात राफेलकाकांना दिसला, तोही शनिवारी. शनिवारी मोबाइल घरी, कॅमेरा घरी. त्यामुळे पुरावा काही नाही.

आणि पुराव्याचा आग्रह धरणारा माणूस कोण, तर हेच! उभी हयात त्यांनी न्हावा शेव्याला बंदरावर कागदपत्रांच्या खात्यात काढली होती. कागद नाही तर कंटेनर हलायचा नाही, हा त्यांचा धर्म. निवृत्त झाल्यावर सरड्यांचा नाद लागला, तोही घरातली पाल हाकलता हाकलता. रूबी पालीला घाबरायची. रोज झाडू घेऊन मागे लागताना काकांच्या लक्षात आलं की स्वयंपाकघरातली पाल वेगळी आणि गॅलरीतली वेगळी. झालं. झाडू बाजूला पडला आणि भिंग हातात आलं. रूबी म्हणायची, "पाहुण्यांची चौकशी झाली असेल तर जेवायला या." पुढे कळंबोलीच्या लोखंड बाजारात काम करणाऱ्या गुरुदत्तनं सरडे बघणाऱ्यांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला, तेव्हा काकांनीच त्यात नियम घालून दिला : फोटो नाही तर नोंद नाही. कितीतरी हौशी पोरांच्या नोंदी त्यांनी ह्या नियमावर उडवल्या होत्या. मग त्यांचाच घोयरा आला, फोटोशिवाय. गुरुदत्तनं हात जोडलेलं चित्र टाकून लिहिलं, "काका, नियम तुमचाच." त्यानंतर कुणी काही अंधुक पाहिलं की ग्रुपवर चेष्टा व्हायची, हा राफेलकाकांचा घोयरा.

वर्षभर काका टेकडीवर जात राहिले. शनिवार सोडून रोज, कॅमेरा गळ्यात अडकवून. शेजारचे कमलाकर म्हणायचे, सरड्याची धाव कुंपणापर्यंत आणि पेणकरांची टाकीपर्यंत. घोयरा काही दिसला नाही. हळूहळू काकांच्या मनात पाल चुकचुकायला लागली. दिसला होता का खरंच? की ऊन, पानं आणि म्हाताऱ्याची हौस?

म्हणून ते आज पळाले होते. सोमवारी डॉक्टरांसमोर बसण्याआधी त्यांना ती जागा एकदा बघायची होती. दिसला तर दिसला. निदान स्वतःशी तरी खोटं पडायला नको.

शब्बाथला गावाच्या हद्दीबाहेर फार लांब चालत जायचं नाही, असाही दंडक आहे. पूर्वी टेकडी त्या हद्दीबाहेर पडायची आणि काका शनिवारी तळ्यापर्यंतच जायचे. पण पनवेल असं काही पसरलं की बिल्डिंगा टेकडीच्या पायाला जाऊन टेकल्या, आणि शेवटच्या घरापासून मोजायचं म्हटलं तर आता टाकीसुद्धा हद्दीत येत होती. नव्या टॉवरांमुळे सगळं पनवेल हळहळत होतं, राफेलकाका मनातल्या मनात बिल्डरला दुवा देत होते.

वाटेत ते दर दहा पावलांवर मागे वळून बघत होते. ओर्लीची गाडी आली की संपलं. तरी डोळ्यांची सवय कुठे जाते? टेकडीच्या पहिल्या वळणावर वाळक्या पानांत सळसळ झाली. जाडसर, तुकतुकीत अंग आणि पाय आहेत की नाहीत असं वाटावं इतके बारीक. सापसुरळी. पुढे कुंपणाच्या खांबावर बागेतला सरडा मान डोलवत बसला होता. गळा फिका, तुरा आखूड, म्हणजे मादी किंवा पोर. ग्रुपमधल्या नव्या पोरांना ते हेच सांगायचे, "आधी गळा, मग तुरा, मग बोटं. रंग सगळ्यात शेवटी. रंगावर विश्वास ठेवायचा नाही, सरडा आहे तो." आता हेच सगळं ते पुटपुटत चालले होते. डोळे शाबूत आहेत, नावं आठवताहेत, हे स्वतःला पटवून देत होते. पुटपुटणं ऐकू येतंय हे लक्षात आल्यावर गप्प झाले. न जाणो, हेही कारण ठरायचं, चौथं.

वर टाकीच्या अलीकडे एक कुड्याचं झाड आहे, घाणेरीच्या जाळीत अडकलेलं. काका समोरच्या दगडावर बसले. खाली कळंबोलीकडचे ट्रक गुरगुरत होते. बसल्या बसल्या त्यांचा एक पाय हलत होता, तो त्यांनी हातानं दाबून धरला. घरी ओर्ली बाथरूममधून बाहेर आली असेल. हाका मारल्या असतील. आता खाली उतरली असेल. एवढ्यात उठावं आणि मुकाट घरी जावं, असं मनात आलं आणि त्याच वेळी कुड्याच्या फांदीवरचं एक पान वाऱ्याशिवाय डुललं.

पुढे, मागे. पुढे, मागे. मग एक पाऊल.

हिरवं, चपटं अंग. चिमट्यासारखे पाय फांदीला धरून. शंकूसारखा डोळा वर फिरला, मग खाली, मग थेट त्यांच्याकडे. दुसरा डोळा दुसरीकडेच काही बघत असणार. राफेलकाकांचे हात आपोआप छातीशी गेले, जिथं इतर दिवशी कॅमेरा असतो. तिथं शर्टाच्या गुंड्या होत्या.

"अरे देवा," काका म्हणाले, "आजच? रविवार ते शुक्रवार काय झालं होतं तुला? वर्षभर आलो ना मी?"

"काका, कोनाशी बोलताय तुमी?"

त्यांनी दचकून मागं पाहिलं. सोनाबाई होती. पायथ्याच्या पाड्यातली, शेळ्यांसाठी पाला कापायला टेकडीवर यायची. हातात कोयता आणि कमरेच्या बटव्यातून डोकावणारा मोबाइल. काकांची नजर त्या मोबाइलवर खिळली.

आता इथे एक पेच आहे. शब्बाथला स्वतः फोटो काढायचा नाही हे तर झालंच, पण दुसऱ्याला 'काढ' असं सांगायचंही नाही. सांगून करवून घेतलेलं काम आपलंच. मात्र दुसऱ्यानं आपणहून, आपल्या हौसेनं काढला तर तो त्याचा प्रश्न. राफेलकाकांनी घसा साफ केला.

"मोबाइल नवा वाटतं, सोनाबाई?"

"नातवानं दिला."

"अस्सं. फोटो बरे येत असतील?"

"लय भारी येतात."

"झाडांचेसुद्धा?"

"झाडांचं कशाला काढू? झाडं काय पळून जातात व्हय?" सोनाबाई त्यांच्याकडे जरा निरखून बघायला लागली.

काकांना घाम फुटला. "नाही, म्हणजे झाडावर कधी कधी काहीतरी असतं. आता त्या कुड्यावरच बघ ना. तिसऱ्या फांदीवर. घोयरा आहे."

"आगं बाय! घोयरा? इखारी असतो तो!" तिनं कोयता उचलला आणि दोन पावलं पुढे झाली.

"विषारी बिषारी काही नाही! मारू नकोस, नुसता बघ!" काका ओरडलेच.

सोनाबाईनं पाहिलं. वाकून पाहिलं, पदर कपाळावर धरून पाहिलं. मग कोयता खाली केला. "मना पानांशिवाय काय दिसत नाय, काका."

"ती काय तिसरी फांदी," म्हणत काकांनी बोट दाखवलं, आणि बोट तसंच राहिलं. फांदीवर काही नव्हतं. पानं होती. हिरवी, चपटी, पुष्कळ पानं.

"उनात बसू नका असं," सोनाबाई मऊ आवाजात म्हणाली. तो मऊपणा काकांना कोयत्याहून लागला. "घरला जा. कोन हाय ना घरी?" मान हलवत ती पाला कापायला खालच्या अंगाला उतरली.

काका परत दगडावर बसले. ओळखीचं काहीतरी शोधावं म्हणून त्यांनी फांदी न फांदी नजरेखालून घातली. घोयरा माणूस बघून फांदीच्या पलीकडच्या अंगाला सरकतो, हे त्यांना ठाऊक होतं, पोरांना त्यांनीच शिकवलं होतं. पण भास झालेला माणूसही असंच काहीतरी सांगणार, नाही का? वेड्याला स्वतःचं वेड खरं ठरवायला कारणं कधी कमी पडतात? आणि जर तो नसेलच, तर गेल्या वर्षीचाही नव्हता. मग गॅस, मग रूबीचं नाव, सगळं एका माळेत बसत होतं. राफेलकाकांना भीती वाटली. उगीच नाही, खरीखुरी.

"पप्पा!"

ओर्ली आली होती. केस ओले, पायात घरातल्याच सपाता, चेहरा लाल. गाडी पायथ्याशी लावून चढत आली होती.

"मोबाइल नाही, काही नाही, सांगून जाणं नाही! मी तळ्यापाशी शोधलं, सिनेगॉगपाशी शोधलं, मार्केटमध्ये बघून आले. खाली त्या बाई भेटल्या, म्हणाल्या, तुमचे बाबा वर झाडाशी बोलतायत. मला कसं वाटलं असेल?" ती त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. "मला भीती वाटते हो तुमची."

"मलाही," राफेलकाका म्हणाले.

असं उत्तर तिला अपेक्षित नव्हतं. चढून दमली होती, तशीच त्यांच्याशेजारी दगडावर बसली. काकांनी घोयऱ्याचं नाव काढलं नाही. त्या फांदीकडे बघायचंही नाही असं ठरवून ते खालच्या ट्रककडे बघत राहिले. नव्या विमानतळावरून एक विमान उठलं. ते दिसेनासं होईपर्यंत काकांनी नजर त्याच्यावरच ठेवली.

"पप्पा," ओर्ली एकदम हळू आवाजात म्हणाली, "ते पान चालतंय."

काकांनी वळून पाहिलं नाही. "कुठलं पान?"

"समोरचं. पान नाहीये ते. पप्पा, बघा ना!"

"मी नाही बघत," ते म्हणाले. त्यांनी मान वळवली नाही. बंदरावर दुसऱ्यानं केलेली नोंद पडताळताना ते आधी स्वतःची झाकून ठेवत, म्हणजे एकाचं बघून दुसरा लिहिणार नाही. "तू सांग मला. बोटं कशी आहेत?"

"बोटं? थांबा. बोटं सुटी नाहीयेत. दोन जुड्या केल्यासारखी आहेत. पुढच्या पायाची दोन एका बाजूला आणि तीन दुसरीकडे."

"शेपटी?"

"गुंडाळलीय. आता सोडली थोडी. फांदीला वेढा घातला तिनं."

"डोळे?"

ओर्ली वाकून बघायला लागली. मग हसलीच, लहानपणी हसायची तशी. "एक माझ्याकडे बघतोय आणि एक तुमच्याकडे!"

तेव्हा राफेलकाकांनी मान वळवली. तो होता. फांदीच्या अलीकडे, उन्हात, सगळ्यांना दिसेल असा बसला होता. काकांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्यामुळे त्यांनाच तो नीट दिसेना.

शेजारी खुडबुड झाली. ओर्लीनं मोबाइल काढला होता. तिनं तो डोळ्यांसमोर धरला, दोन बोटांनी मोठं करून पाहिलं. काढ, काका मनात म्हणत होते, काढ गं बाई, लवकर काढ, पळेल तो! ओर्ली काही शब्बाथ पाळत नव्हती. कॉलेजपासूनच सोडला होता तिनं, आत्ताही गाडी घेऊन आली होती. तिनं काढला तर तो तिचा प्रश्न. पण 'काढ' म्हणता येत नव्हतं आणि 'नको' म्हणवत नव्हतं. आपला ह्यात हात नको, म्हणून त्यांनी तोंड फिरवलं आणि डोळे घट्ट मिटून घेतले.

ओर्लीनं ते पाहिलं. बापाचा मिटलेला चेहरा पाहिला. लहानपणी एका शनिवारी तिनं चित्र काढायला पेन्सिल घेतली होती, तेव्हाही त्यांनी ओरडायच्या ऐवजी असंच तोंड फिरवलं होतं. तिनं मोबाइल खाली केला आणि खिशात टाकला.

"राहू दे," ती म्हणाली. "शब्बाथ आहे तुमचा. नुसतं बघू या."

राफेलकाकांनी डोळे उघडले. मुलगी किती शहाणी, आणि किती वेडी! वर्षभराची पायपीट, ग्रुपची चेष्टा, सगळं त्या एका फोटोनं मिटलं असतं. त्यांना ओरडावंसं वाटलं. तिला जवळ घ्यावंसंही वाटलं. दोन्हींतलं काहीच न करता ते तिच्या शेजारी बसून राहिले. घोयरा एकेक पाऊल डुलत टाकत फांदीच्या शेंड्याला गेला, घाणेरीत शिरला आणि दिसेनासा झाला. तेवढा वेळ राफेलकाकांचा पाय हलला नव्हता.

उतरताना ते म्हणाले, "मी चालत येतो. तू गाडी घेऊन हो पुढे."

"मीही चालते. गाडी राहू दे इथंच." थोडं पुढे गेल्यावर ती म्हणाली, "सोमवारी डॉक्टरांकडे मात्र जायचंच. गॅस तुम्ही उघडा टाकला होतात."

"टाकला होता."

"पण घोयऱ्याचं मी सांगणार नाहीये. ते कारण नाहीच."

संध्याकाळी दोघं गॅलरीत तीन तारे शोधत उभी होती. तीन दिसले की शब्बाथ सुटतो. एक चमचमता ठिपका ओर्लीनं मोजला, तर ते विमान निघालं. शेवटी तिसरा दिसला. काकांनी शब्बाथ सोडण्याची प्रार्थना जरा घाईतच म्हटली आणि मोबाइल हातात घेतला. ग्रुपवर लिहिलं, "आज सकाळी टाकीच्या टेकडीवर, कुड्याच्या झाडावर घोयरा दिसला. फोटो नाही."

गुरुदत्तचं उत्तर लगेच आलं. आधी हसणारं तोंड, मग अक्षरं. "काका, आज पुन्हा शनिवार! नियम तुमचाच."

राफेलकाकांनी मोबाइल टेबलावर ठेवला. अपेक्षितच होतं. ते पाणी प्यायला आत गेले. गॅसचं बटण बंद आहे ना ते बघितलं, परत एकदा बघितलं, आणि बाहेर आले तर ओर्ली त्यांच्या मोबाइलवर काहीतरी लिहून तो खाली ठेवत होती.

"काय केलंस?"

"वाचा."

त्यांनी चष्मा लावला. ग्रुपवर त्यांच्या नावाखाली तिनं लिहिलं होतं, "मी ओर्ली, राफेल पेणकरांची मुलगी. आज आम्ही दोघांनी पाहिला. गेल्या वर्षी पप्पांनी पाहिला तोही घोयराच होता. माझी साक्ष लिहून घ्या."

राफेलकाका कितीतरी वेळ ती ओळ बघत उभे राहिले. गेल्या वर्षी त्या शनिवारी ओर्ली ठाण्याला होती. आजच्या आधी टेकडीवर तिनं पाऊलसुद्धा ठेवलं नव्हतं. असली नोंद दुसऱ्या कुणी टाकली असती, तर त्यांनी खोडून काढायला क्षण लावला नसता.

त्यांनी ती तशीच राहू दिली.